ताईच्या आवाजाची कॅसेट

हाय-फाय हा शब्द कुणी नुसता उच्चारला तरी हल्ली माझं तोंड कडू होतं. पूर्वी तसं नव्हतं. आमच्या लालबागच्या चाळीत हाय-फाय हे थट्टेनं लावायचं विशेषण होतं. कुणी इस्त्रीची पँट घालून खाली उतरला की त्याला ते चिकटायचं. पण त्या नावाचा क्लब असतो, त्यात पोटं सुटलेले पुरुष महिन्यातून एकदा जमतात आणि एकमेकांना यंत्रं वाजवून दाखवतात, हे मला माहीत नव्हतं. ते कळलं माझ्या ताईमुळे. कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

ताई माझ्याहून मोठी. तरुणपणी ती गायची. कुणाकडे शिकली नव्हती. आमच्या आईनं मालवणाहून डोक्यात भरून आणलेली गौरीची, फुगडीची गाणी तिनं ऐकून ऐकून उचलली होती. गौरी आल्या की चाळीतल्या बायका आमच्या दारासमोरच्या गॅलरीत जमायच्या, आणि ताईनं सूर लावल्याशिवाय झिम्मा सुरू व्हायचा नाही. पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि मुलगी रांगत होती तेव्हाच ताईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली, आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. तेव्हापासून ताई फक्त कुजबुजते. फुग्यातून हळूहळू हवा सुटावी तसं तिचं बोलणं. ती काही सांगायला लागली की आम्ही पंखा बंद करतो. बाजारात ती बोटांनी बोलते. माझी भाची आता मोठी झाली, नोकरी करते, पण आपल्या आईचा आवाज कसा होता ते तिला माहीत नाही.

चाळ पाडून नवी इमारत उभी राहिली आणि आम्ही संक्रमण शिबिरातून सामान हलवत होतो, तेव्हा आईच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत एक कॅसेट सापडली. वर मामाच्या अक्षरात ‘गौरी’ एवढंच. मामा तेव्हा आखातात होता. एका सुट्टीत तो टू-इन-वन घेऊन आला आणि त्या वर्षीच्या गौरीला गॅलरीत मांडी ठोकून त्यानं सगळं टेप केलं. कित्येक दिवस आमच्या घरात तीच कॅसेट वाजत होती. मग मामा परत गेला, टू-इन-वन त्याच्या बायकोकडे गेला आणि कॅसेट ट्रंकेत गेली. ताईनं ती हातात घेतली, पदरानं पुसली आणि मुलीला म्हणाली, “ह्याच्यात मी आसंय.”

घरात कधी कशाचा हट्ट न धरणारी ही बाई. पण त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला. मुलीला हे ऐकवायचं.

वाजवायची कशावर? ओळखीपाळखीच्या सगळ्या घरी विचारून झालं. माळ्यावरून निघाले ते प्लेअर एकतर मुके होते नाहीतर टेप गिळणारे. मी लॅमिंग्टन रोडला चकरा मारल्या. तिथल्या एका दुकानात दुकानदार मला वाटेला लावत होता, तेवढ्यात काउंटरवर कसलीशी सुई बघत उभा असलेला एक गृहस्थ वळला आणि म्हणाला, “कॅसेट आहे? मग आमच्या क्लबला आणा. असला डेक तुम्हाला अख्ख्या मुंबईत बघायला मिळणार नाही. आम्ही वाजवूही आणि पेन ड्राइव्हवर कॉपीही करून देऊ.” तो त्या क्लबचा सेक्रेटरी निघाला. राहायला कुठे, तर आमच्याच आवारात! म्हणजे आमच्या जुन्या चाळीच्या जमिनीवर जो टॉवर उभा आहे, त्यात. आम्हाला मागची इमारत मिळाली, पुढचा टॉवर विकला गेला. मध्ये भिंत आहे आणि गेटं वेगळी आहेत. पुढच्या टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये डेमोची संध्याकाळ होती. मला माणूस बरा वाटला. मी त्याचे आभारही मानले, हे आठवलं की आज अंगाचा तिळपापड होतो.

त्या संध्याकाळी ताईनं ठेवणीतली साडी नेसली. गेटवर सिक्युरिटीवाल्यानं आम्हाला अडवलं. मागच्या बिल्डिंगचे ना तुम्ही, मग वर फोन लागल्याशिवाय सोडणार नाही. फोन काही लागेना. शेवटी त्यानं मला एकट्याला सोडलं, वर जाऊन कुणाला तरी घेऊन या म्हणाला. ज्या जागेवर आमची मोरी होती तिथे उभं राहून ताई आणि भाची परवानगीची वाट बघत राहिल्या.

वर हॉलमध्ये गारठा होता. रूम फ्रेशनर आणि तळलेल्या पनीरचा मिळून एक वास सुटला होता. सेक्रेटरीनं कॅसेट घेतली आणि वाजते का बघू म्हणून लगेच डेकमध्ये टाकली. आजूबाजूला चारदोन माणसं वायरी जोडत होती. कुणाचं लक्ष नव्हतं.

आणि मामा खाकरला. बायका हसल्या. कुणाची तरी बादली सरकली, आणि ताई गायला लागली.

मी तिथंच खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. तो आवाज मी विसरलोय हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, आठवतोय. नव्हता आठवत. मी आठवत होतो ते काहीतरी फिकट होतं. इथे ताई त्या गार हॉलमध्ये एकदम धडधडीत उभी राहिली, विशीतली, ओल्या केसांची. पहिली ओळ पुरी होते न होते तोच सेक्रेटरीनं बटण दाबलं.

“हां, वाजतेय. शेवटी लावू. डेक नुकताच आणलाय, क्लबात कॅसेट पहिल्यांदाच वाजणार.” त्यानं टेप उलटी फिरवून पुन्हा सुरुवातीला आणली आणि कॅसेट टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवली. मी खाली धावलो, सिक्युरिटीवाल्याला दोन शब्द सुनावले आणि दोघींना वर आणलं. जिन्यातच ताईला सांगितलं, आहे, सगळं आहे, स्वच्छ आहे. तिनं माझ्या दंडाला इतकं घट्ट धरलं की बोटं रुतली.

मग कार्यक्रम सुरू झाला. ज्याला ते कार्यक्रम म्हणतात.

हॉलच्या मध्यभागी एक खुर्ची होती. दोन्ही स्पीकरांपासून नेमक्या अंतरावर. खरा आवाज म्हणे तिथेच ऐकू येतो, बाकीच्यांनी कडेला बसून समाधान मानायचं. त्या खुर्चीत पहिल्यांदा अध्यक्ष बसायचे. हे निवृत्त दंतवैद्य. डोळे मिटून, हनुवटी वर करून असे बसायचे की समोरच्यानं आता तोंडात आरसा घालावा. त्यांचं ऐकून झालं की ते मान डोलवायचे आणि मग बाकीचे एकेक करून त्या खुर्चीत बसून जायचे. देवळात अंगारा लावून घ्यावा तसे. आम्हाला मागे, एसीच्या खाली बसवलं होतं.

पहिला डेमो होता वायरीचा. ऐकण्याची नाही, भिंतीतून वीज आणणारी वायर. एक वायर लावून गाण्याचा तुकडा वाजवला. मग ती काढून दुसरी लावली, तोच तुकडा. “आता बघा, कशी हवा आली!” अध्यक्ष म्हणाले. सगळे म्हणाले, आली. वायर जमिनीला टेकू नये म्हणून तिच्याखाली लाकडाचे ठोकळे लावले होते, कारण जमीन लागली की आवाज मळतो. आमच्या आईनं सोवळं पाळलं तेव्हा हीच माणसं हसली असती.

मग एका मोठ्या गायिकेची रेकॉर्ड लावली. बाईंनी असा काही सूर लावला की ताई पाठ ताठ करून बसली. मलाही वाटलं, चला, यासाठी तरी आलो ते बरं झालं. बाई आलाप वाढवत गेल्या, आता समेवर येणार, तेवढ्यात अध्यक्षांनी हात वर केला आणि सुई उचलली गेली. “थांबा, थांबा. मागे घ्या. तो श्वास ऐकलात? त्याच्या आधी ओठ सुटल्याचा आवाज आहे. ओला आवाज.” सुई मागे. बाईंचे ओठ सुटले. “आवंढापण गिळलाय हां!” दुसरा एक जण कडेच्या खुर्चीतून ओरडला. पुन्हा सुई मागे. हॉलभर ती म्हातारी माणसं कान टवकारून एका परलोकवासी बाईची थुंकी ऐकत होती. मला किळस आली. खोटं कशाला सांगू, उठून एखाद्याचं तोंड त्याच्याच पनीर रोलमध्ये घालावं, असं वाटलं. बाईंचं गाणं समेवर काही आलंच नाही. ते ऐकायला तिथं कुणी बसलेलंच नव्हतं.

ताई माझ्याकडे झुकली. “माझा गाणा कधी लावतले रे?”

“लावतील, लावतील. शेवटी आहे.”

मधल्या चहाला पुरुष प्लेटा घेऊन घोळके करून उभे राहिले. कुणाचा ॲम्प्लिफायर कुठल्या देशातून आला, कुणाच्या बायकोनं कसा तमाशा केला, याच गप्पा. एकानं मला विचारलं, “तुमचं काय सेटअप?” मी म्हटलं, “दोन कान.” तो हसला आणि दुसऱ्याकडे वळला. ताईकडे कुणी आलं नाही. ती हातातला कप न उचलता भाचीला तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी समजावत होती. मी जवळ गेलो. कॅसेटवर काय काय आहे ते सांगत होती. “पयलो मामा खाकरतलो. मगे बायलमाणसां हसतली. मगे मी.” भाची मान हलवत होती आणि उगीचच केस मागे सारत होती. तिचा चेहरा लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला असायचा तसा झाला होता.

चहानंतर अध्यक्षांनी त्यांचं लाडकं यंत्र काढलं. काळा, चपटा डबा, आमच्याकडच्या भाकरीच्या तव्याएवढा. त्याचं नाव डिमॅग्नेटायझर. रेकॉर्डमध्ये, सीडीमध्ये, वायरीत, कशातही म्हणे वापरून वापरून चुंबकत्व साचतं आणि त्यानं आवाजावर पडदा येतो. या डब्यावर वस्तू ठेवायची, बटण दाबायचं, गोल फिरवायची, की सगळं साफ. क्लबचा नियमच होता, पुढच्या सेशनमध्ये जे वाजणार ते आधी या डब्यावरून गेलं पाहिजे. अध्यक्षांनी एकेक रेकॉर्ड ठेवली, फिरवली, उचलली. ट्रेमधली एक केबलसुद्धा वेटोळं करून ठेवली. चेहऱ्यावर भाव असा की अभिषेक चाललाय. मागे दोघे तिघे एकमेकांना कोपरानं ढोसत हसत होते. त्यांचा त्या डब्यावर विश्वास नसावा, पण तसं तोंडावर बोलायची हिंमत नव्हती.

मग त्यांनी ट्रेमधून ताईची कॅसेट उचलली. दोन बोटांत, कडेनं धरून. डब्यावर ठेवली. बटण दाबलं. बारीक घूं असा आवाज झाला. हळूहळू फिरवली, मग उलटी करून दुसऱ्या बाजूनं फिरवली.

ताई खूश झाली. “किती सांबाळून धरल्यान बघ,” ती म्हणाली.

शेवटी आमची पाळी आली. सेक्रेटरीनं उभं राहून सांगितलं की आज आपल्या शेजारच्या एका मॅडमचं जुनं फील्ड रेकॉर्डिंग आहे, फोक आहे. मी ताईला उठवायला हात पुढे केला. मला वाटलं, निदान आता तरी तिला मधल्या खुर्चीत बसवतील. पण अध्यक्ष आधीच तिथे बसले होते. “मी आधी ऐकून लेव्हल सांगतो,” ते म्हणाले आणि डोळे मिटले. ताई पुन्हा बसली. तिनं भाचीचा हात मांडीवर घेतला.

डेकची चाकं फिरायला लागली.

काही आलं नाही. “वा,” अध्यक्ष डोळे न उघडता म्हणाले. “बॅकग्राउंड बघा. काळंकुट्ट. एवढ्या जुन्या टेपला इतकी शांतता मी ऐकलेली नाही.”

“सरसर अजिबात नाही,” कुणीतरी दुजोरा दिला. “डेकची कमाल आहे.”

सगळे माना डोलवत बसले. ताई पुढे झुकली होती. तिचे ओठ हलत होते. आता मामा, आता बायका, आता. मला मात्र कळलं होतं. मामाच्या खाकरण्याआधी तिथं एवढी शांतता नव्हतीच, मी ऐकलं होतं. ताईनं माझी बाही ओढली. “माझे कान गेले काय रे? तुका ऐकाक येता?”

तेवढ्यात मागून, पनीर रोलची प्लेट हातात असलेला एक जण मोठ्यानं हसला. “अहो साहेब! टेप डिमॅग केलीत? पुसली की हो सगळी! टेपवर चुंबकत्वच तर असतं!”

आणि हॉलमध्ये हशा पिकला. दुष्टपणाचा नव्हता. कुणी आमटीत मीठ घालायला विसरलं की हसतात तसा. तो दुष्टपणाचा असता तर मला सोसला असता.

अध्यक्षांनी डोळे उघडले. “छे, छे. टेप आधीच वीक असणार. इतकी वर्षं ट्रंकेत म्हणजे...”

“नाही, टेस्टला होतं त्यावर,” सेक्रेटरी म्हणाला. “बायका ओरडत होत्या.”

त्यांनी टेप पुढे नेऊन बघितली, उलटी करून बघितली. दोन्ही बाजू तशाच. मला वाटलं होतं आता निदान कुणीतरी आमच्याकडे वळेल, कुणाची तरी मान खाली जाईल. तर पनीर रोलवाला पुढे येऊन डबा हातात घेऊन बघत होता. “म्हणजे हे खरंच काम करतं हां, साहेब! मला इतके दिवस वाटायचं, नुसता दिवा लागतो.” बाकीचेही डब्याभोवती जमले. एवढ्या झटक्यात दोन्ही बाजू साफ म्हणजे चुंबकाचं फील्ड किती असेल, यावर चर्चा सुरू झाली. आणि अध्यक्ष, देवाशपथ सांगतो, अध्यक्ष जरासे खुलले. माझ्या बहिणीचा आवाज जगातून पुसला गेला होता आणि त्या माणसाच्या डब्याला सर्टिफिकेट मिळालं होतं.

मी काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही. शिव्या होत्या एवढं आठवतं, गिरणगावातल्या, आई असती तर तोंडावर मारली असती अशा. “भाईसाहेब, लेडीज आहेत,” असं कुणीतरी मला समजावलं. ताई रडली नाही. ती हात मांडीवर ठेवून बसली होती आणि फिरणाऱ्या चाकांकडे बघत होती. भाची तिच्याकडे बघत होती.

सेक्रेटरीनं डेकमधून कॅसेट काढली आणि दिव्याखाली धरून उलटसुलट बघितली. मग आमच्याकडे आला. चेहरा पाडलेला होता, रीतीला जेवढा पाडावा लागतो तेवढा. “व्हेरी सॉरी, मॅडम. खरंच. आता काय बोलणार.” कॅसेट बोटांत फिरवली. “एक विचारू का? ही क्रोमची आहे, भारीतली टेप. अशा ब्लँक कॅसेट आता कुठेच मिळत नाहीत हो. तुम्हाला तशी आता उपयोगाची नाही. क्लबसाठी ठेवून घेतली तर चालेल?”

ताईनं मान वर केली आणि त्याला उत्तर दिलं.

तो वाकला, कानामागे तळवा धरला. मागे ते अजून फील्डवर बोलत होते आणि एसी गुरगुरत होता. “सॉरी, काय म्हणालात?”

ताईनं श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं. तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या मला दिसल्या.

“मॅडम, जरा मोठ्यानं बोला ना. काही ऐकू येत नाही.”

“मला येतं ऐकू,” भाची म्हणाली. ती उठून उभी राहिली होती आणि तिनं हात पुढे केला होता. “आई म्हणतेय, माझी आहे ती. द्या इकडे.”